पाऊणकीवर अडीच तास

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

आमोद तिळगुळाबरोबर पुण्याचा फ्लॅटही घेऊन आला. म्हणजे मोबाईलवर त्याचे फोटो. तळमजला, खाली बाग, समोर दवाखाना. "आई, दिवाळीपर्यंत तुम्ही दोघं पुण्याला या," हे त्याने गूळपोळी मोडता मोडता सांगितलं. मी म्हटलं, समोर दवाखाना असला की माणूस आजारी पडायला मोकळा.

मग खरं कारण बाहेर पडलं. "बाबांचं हल्ली काहीतरी बिघडलंय. तुझ्या लक्षात येत नाही का?"

महाडच्या निम्म्या डॉक्टरांना मेंदूची आकृती काढायला मी शिकवलं, आणि माझ्या पोटच्या पोराने मला विसरण्यावर व्याख्यान द्यावं! शरद चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरतो. मीही विसरते. आज त्याने आमोदला तिळगूळ तीनदा दिला आणि तिन्ही वेळा "गोड बोल" म्हणाला. त्यावर आमोदने माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका. बापाने लेकाला प्रेमाने तीनदा तिळगूळ दिला, यात आजार कुठला आला?

पुराचं पाणी माडीच्या चौथ्या पायरीला लागलं तेव्हा मी हे घर सोडलं नाही. आता कोरड्या जमिनीवरून हलायला मला वेड लागलेलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

शरद सकाळी वीर स्टेशनला गेला. आमोदला आणायला. आमोद कालच परत गेला, तोही स्वतःच्या गाडीने. रिक्षावाला ओळखीचा निघाला म्हणून त्याने शरदला परत आणून सोडलं. "सर फलाटावर बसून होते," म्हणाला. बसणार नाही तर काय करणार, गाडी यायची वाट बसूनच बघतात.

पेन्शनरचे सगळे वार सारखेच असतात. माझाही मागे एकदा बुधवारचा मंगळवार झाला होता.

१८ जानेवारी, शनिवार

तुळसाने फाटकाला गुराची घंटा बांधली आहे. तुळसा पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीची. नवरा भिकू मुंबईला वॉचमन, आणि ही आमच्या मागच्या खोलीत राहून गेली कित्येक वर्षं माझं स्वयंपाकघर चालवते आणि जमलं तर मलाही. विचारलं, हे काय? तर म्हणते, "मांजर येतंय गो बाई."

"मांजर फाटक उघडून येतं?"

"आमच्या वाडीतली येतात."

मी घंटा काढून टाकली. संध्याकाळी शरद तळ्याला फेरी मारायला निघाला तेव्हा ती भाजी तशीच टाकून त्याच्या मागे गेली. कोथिंबीर आणायची होती म्हणे. चवदार तळ्याभोवती कोथिंबीर कधीपासून मिळायला लागली?

२० जानेवारी, सोमवार

सुहासचा फोन. सुहास माझा धाकटा भाऊ. जन्मभर व्यापारी जहाजांची इंजिनं सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी शिडाची यॉट घेतली. तिचं नाव त्याने 'आराम' ठेवलं आहे. तिच्यावर तो दिवसभर राबतो. ती घेऊन तो बाणकोटच्या खाडीत येणार आहे आणि आंबेतच्या पुलाखाली नांगर टाकणार आहे. "ताई, चांगूच्या बेटावर यायचं का?"

चांगू कोण होता ते आता कुणाला ठाऊक नाही. बेट मात्र मला ठाऊक आहे, न पाहता. आमचं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हा शरद भूमी अभिलेख खात्यातून त्या बेटाची मोजणी करायला गेला होता. परत आला तो चिखलाने माखलेला आणि तोंडाला खळ नाही. पाणमांजरांची पिल्लं आईच्या मागे ओळीने पोहतात. समुद्री गरुडाचं घरटं बाजेएवढं. पाण्यात मगरी, कातळावर कोल्हे, आणि माणूस एकही नाही. मी म्हटलं, मला उद्याच ने. पण खात्याच्या होडीत बायकांना घेत नसत. नंतर आमोद झाला, शाळा, सासूबाईंचं आजारपण, एकेक करत ते राहूनच गेलं. मी तेहतीस वर्षं फळ्यावर पाणमांजराचं चित्र काढलं, आणि प्रत्यक्षात पाहिलं नाही ते नाहीच.

आमोदला फोन करून सांगितलं. तो ओरडला. "बाबांना बोटीवर? आई, मगरी आहेत तिथे!"

"महाडच्या पुलावरूनही दिसतात. म्हणून काय पूल बंद केला?"

"बाबांना घरची वाट सापडत नाही आणि तू..."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पैज लावली. बेटावर जायची वेळ शरदने काढायची. त्या खाडीचं पाणी त्याच्याइतकं कुणी ओळखत नाही. त्याच्या वेळेला बोट सुखरूप गेली आणि आली, तर पुण्याच्या फ्लॅटचं नाव पुन्हा काढायचं नाही. वेळ चुकली, तर दिवाळीला सामान बांधते.

आमोद हळूच "ठीक आहे" म्हणाला. मला त्याचा तो हळूपणा आवडला नाही.

२६ जानेवारी, रविवार

बातमी गावभर झाली. शेजारच्या मालोजीरावांनी झेंडावंदनानंतर भर चौकात विचारलं, "या वयात बाई, बेटावर?" मी विचारलं, कोणत्या वयात जायचं असतं? त्यावर ते पेढा खाऊ लागले.

डॉक्टर दर्शना रस्त्यात भेटली. माझीच विद्यार्थिनी, बेडकाचं विच्छेदन करताना रडायची. म्हणाली, "बाई, सरांना एकदा घेऊन या ना दवाखान्यात, सहज." सहज दवाखान्यात कोण जातं? मी म्हटलं, बेटावरून आल्यावर बघू.

शरद मात्र खुशीत आहे. रोज विचारतो, कधी जायचं? रोज सांगते. माणसाला आनंद झाला की तो पुन्हा पुन्हा विचारतोच.

२ फेब्रुवारी, रविवार

आज वेळ काढली.

खाडीकाठची शेंबडी पोरंही हे जाणतात: तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणकी सहा, म्हणून अष्टमीला सहाला पाणी भरलेलं. बाराची नऊ, म्हणून द्वादशीला नऊला. पण ते समुद्राचं पाणी. ते सावित्रीतून वर चढत महाडला पोचायला अडीच तास घेतं. म्हणून आम्ही महाडकर पाऊणकीवर अडीच चढवतो. बंदरात गलबतं लागत होती तेव्हापासूनचा हा हिशोब आहे, माझे आजोबा डोळे मिटून करायचे.

शरद पंचांग घेऊन बसला. पुढचा रविवार, द्वादशी. नऊ लिहिलं, त्यावर पाऊण तास धरला आणि पेन्सिल खाली ठेवली.

मी म्हटलं, "अरे, अडीच?"

"अडीच कशाला?" तो म्हणाला.

महाडात जन्मलेला, महाडात वाढलेला माणूस विचारतो, अडीच कशाला! मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्याच्या हातून पेन्सिल घेतली आणि मीच चढवले. साडेअकरा. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तू म्हणतेस तर तसं." एवढी आठवण करून द्यावी लागते कधीकधी, त्यात काय? नवराबायकोने एकमेकांचे हातचे धरायचेच असतात.

सुहासला फोन केला. "माझ्या ॲपवर खाडीच्या मुखाशी भरती नऊच्या पुढे दाखवतंय," तो म्हणाला, "पण आत किती उशीर होतो ते ॲपला कळत नाही. भाऊजी साडेअकरा म्हणतात ना? मग साडेअकरा." मी म्हटलं, भाऊजीच म्हणतात.

खोटं असं नाहीच ते.

८ फेब्रुवारी, शनिवार

वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. तुळसा येणारच म्हणून हटून बसली. पोहता येत नाही, बोट बघितलेली नाही, तरी येणार. "सायबांकडं बघायला कोन हाय? तुमी पाखरं बघत बसाल." तिने पिशवीत नारळ टाकला आणि माझी नजर चुकवून ती घंटाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी, बोटीवर.

अक्षर तिरकं येतंय कारण बोट तिरकी आहे.

तुडीलच्या रस्त्याने आंबेतला वेळेवर पोचलो. सुहासने आम्हाला यॉटवर चढवलं. माझा गुडघा कुरकुरला, त्याला दम दिला. शीड वारा घेऊन फुगलं तेव्हा इंजिन बंद झालं आणि नुसता पाण्याचा आवाज राहिला. मी काठाला घट्ट धरून मोठ्याने हसत होते. तुळसा देवाचं नाव घेत होती. शरद पुढे उभा राहून हाताने दाखवत होता, "डावीकडून घे, तिथे कातळ आहे," आणि तिथे खरंच कातळ होता. मी मनात म्हटलं, ये म्हणावं आमोदला आणि बघ.

बरोबर साडेअकराला बेटाच्या मागच्या अरुंद खाडीत शिरलो आणि बोट चिखलात बसली. सुहासने इंजिन उलटं फिरवलं, काळं पाणी ढवळून निघालं, बोट जागची हलली नाही.

"ताई, पाणी कधीच फिरलंय. उतरतंय ते. वेळ चुकली."

"वेळ चुकलेली नाही. पाणी चुकलंय," मी म्हटलं.

सुहासने शरदकडे पाहिलं. शरद तिवरांच्या झाडीकडे पाहत होता. मी सुहासला दंडाला धरून मागे नेलं आणि सांगितलं, हिशोब माझा होता, भाऊजींचा नव्हे, समजलं? त्याला समजलं. ज्याअर्थी तो एवढ्या कनवाळूपणे समजला त्याअर्थी त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही.

आता रात्रीच्या भरतीपर्यंत बोट हलत नाही. आमोदचा फोन आला, लपवणार कसं? "चिखलात रुतलोय आणि मजेत आहोत," म्हणून ठेवून दिला. पैज हरले की काय? ते नंतर बघू. बेट समोर आहे आणि मी काही बोटीवर तिरकी बसून राहणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल रात्री लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते.

अजून थोडं पाणी होतं तोवर सुहासने रबरी होडीतून आम्हा तिघांना बेटाच्या कातळावर उतरवलं आणि तो बोटीजवळ परतला. तुळसा मला पुढे पाऊल टाकू देईना. आधी गाऱ्हाणं. कातळावर नारळ ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू झाली. "बा बेटावरच्या राखणदारा, ही मानसं तुज्या दारात आल्यात. कुनाचं पाऊल वाकडं पडलं तर पोटात घाल. बाईंचा हट्ट तडीला ने. सायबांचं ध्यान जाग्यावर ठेव. जे गेलं ते गेलं, हाय तेवढं ऱ्हाऊ दे. समद्यांना सुखरूप घरला पोचव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. जन्मभर पोरांना शिकवलं की पुरावा नाही ते मानू नका. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आवाज नीट फुटला नाही म्हणून पुन्हा म्हटलं.

आणि मग बेट. शरदने सांगितलं होतं त्यात तिळमात्र खोट नव्हती. गरुडाचं घरटं खरोखरच बाजेएवढं, त्यात एक पिल्लू, भूक लागली म्हणून अख्खी खाडी डोक्यावर घेणारं. चिखलात निवट्या, परांवर सरपटणारे ते छोटे मासे, उड्या मारत होते. कोल्ह्याची ताजी पावलं कातळाच्या कडेने गेलेली. पाणी उतरत गेलं तशी मासळी उरल्यासुरल्या डबक्यात अडकली आणि ती खायला पाणमांजरं आली. आई पुढे, पिल्लं मागे ओळीने. भरती असती तर ती दिसली नसती. वेळ चुकली नसती तर आम्ही तासाभरात फोटो काढून परत गेलो असतो. हे मी चुकीचं समर्थन म्हणून लिहीत नाही. तसं असलं तर असू दे.

मग चिखलाच्या पट्टीवर एक ओंडका होता त्याने तोंड उघडलं. आमच्यात आणि बोटीत मगर ऊन खात पडली. सुहास तिकडून ओरडला, "तिथेच थांबा!" मी ओरडले, "जातंय कोण!" तुळसाने पिशवीतून घंटा काढली आणि मगरीकडे बघत जोरात वाजवली. मगरीने तोंडसुद्धा मिटलं नाही.

करंजाच्या सावलीत आम्ही दोघं भाकरी घेऊन बसलो. तुळसा कातळाच्या टोकाला मगरीवर लक्ष ठेवून. शरद बराच वेळ पाणमांजरं बघत होता. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं बेटावर?"

आम्ही लग्नापासून एकमेकांना अरे-तुरे करतो. तेव्हा महाडात त्यावरून केवढं वादळ झालं होतं. मला वाटलं चेष्टा करतोय. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. चेष्टा नव्हती.

मी म्हटलं, "हो. पहिल्यांदाच."

"माझी मंडळी शाळेत शिकवते. जीवशास्त्र. हे सगळं तिला दाखवायचंय मला. सांगितलं तर म्हणाली, उद्याच ने. पण खात्याच्या होडीत बायकांना घेत नाहीत."

"रागावली असेल."

"रागावते. तापट आहे जरा." तो हसला. "पण तिच्यासारखं बघता कुणाला येत नाही, बाई. मी आपला साखळी टाकून मोजतो. ती बघते. ती बघायला बसली ना, की मलापण दिसायला लागतं."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. पंचेचाळीस वर्षांत त्याने माझी एवढी स्तुती माझ्यासमोर कधी केली नाही. ती ऐकायला मला परकी बाई व्हावं लागलं.

"मग आणा की तिला," मी म्हटलं.

"येईल?"

"न यायला काय झालंय तिला!"

त्याचं समाधान झालं. परक्या बाईपुढे असावा तसा संकोच करून त्याने आपल्या डब्यातलं बिरडं मला वाढलं. मी खाल्लं. खाताना रडले, खारट झालं, तरी संपवलं. आमोद खोटं बोलत नव्हता. दर्शनाही नाही, तुळसाही नाही. फाटक उघडणारं मांजर कोण ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

अंधार पडल्यावर पाणी चढलं. मगर पाण्याबरोबर निघून गेली, बोट सरळ झाली, आम्ही निघालो.

धक्क्यावर आमोद उभा होता. पुण्याहून गाडी हाकत आलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला वाटलं आता ओरडेल. तेवढ्यात शरद त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमोद, आलास? आईला बेट दाखवून आणलं बघ. राहिलं होतं किती दिवस."

आमोदला ओरडता आलं नाही. बापाला मिठी मारून तो तसाच उभा राहिला. मी तिथे असं दाखवलं की मला पिशव्या उतरवायच्या आहेत.

गाडीत त्याने हळूच विचारलं, "वेळ बाबांनीच काढली होती ना?"

"मी काढली. तुझे बाबा काही बोलले नाहीत. त्यामुळे पैज रद्द."

"आई, कशाला त्यांना पाठीशी घालतेस?"

"घालणार," मी म्हटलं. "शेवटपर्यंत घालणार."

घरी आल्यावर घंटा मी स्वतः फाटकाला बांधली. तुळसा बघत होती. मग पुढे येऊन तिने गाठीला आणखी एक वेढा दिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दर्शनाकडे जाऊन आलो. तिने शरदला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्याने वर्तुळ सुरेख काढलं आणि आत एकही आकडा लिहिला नाही. पुढच्या तपासण्या पुण्याला व्हायच्या आहेत, पण तिने मला जे सांगितलं ते सरळ सांगितलं. माझी विद्यार्थिनी आहे.

स्मृतिभ्रंश. हा शब्द इथे पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिल्याने छप्पर कोसळलं नाही. दुपारी तुळसाने कढी केली, आणि ती नेहमीसारखीच आंबट होती.

आमोद आज परत गेला. जाताना म्हणाला, "आई, पैज रद्द असली तरी दिवाळीचं बघावंच लागेल. बाबांना आता काही म्हणजे काही कळत नाही असं धरून चालायला हवं." तपासणीला मी शरदला पुण्याला नेईन, हजारदा नेईन. पण काही म्हणजे काही कळत नाही, असं माझा मुलगा म्हणतो आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नाही. मला उत्तर नसण्याची सवय नाही. पुण्याचा तो तळमजला मला रात्रंदिवस डोळ्यांसमोर दिसतो. तिथे तळं नाही, वीरचा रिक्षावाला नाही, शरदला ओळखून घरी आणून सोडणारं एक माणूस नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे लिहिताना हसू आवरत नाही. एकटीच हसते आहे म्हणून तुळसा दोनदा डोकावून गेली. आता घरात दोघांची काळजी करायची की काय, असं तिच्या तोंडावर होतं.

संध्याकाळी तळ्याच्या कठड्याशी बसलो होतो. शरदने पाण्याकडे बघत विचारलं, "बाई, तुम्हाला चांगूचं बेट माहीत आहे का? माझ्या बायकोला न्यायचंय."

आता मला धस्स होत नाही. होतं, पण बसून राहता येतं. मी म्हटलं, "माहीत आहे. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी द्वादशी आहे. माझ्या भावाची बोट जायचीय."

"द्वादशी. म्हणजे नऊ. बेटाला पावणेदहा."

"आणि अडीच?" मी विचारलं. सवयीने.

तो माझ्याकडे वळला. खात्यात नव्या लागलेल्या पोराला समजावावं तसा म्हणाला, "अडीच महाडचे, बाई. पाण्याला इथवर चढायला लागतात ते. बेट पार खाली, समुद्राच्या अंगाला. तिथे अडीच चढवलेत तर ओहोटीत सापडाल. महाडची माणसं हमखास हीच चूक करतात. मोजणीच्या वेळी आमच्या साहेबांनी केली होती, दिवसभर चिखलात बसलो."

मी तोंड उघडं टाकून बसले. मगरीसारखी.

बाराची पाऊणकी नऊ, त्यावर पाऊण तास. त्या दिवशी त्याने हेच लिहून पेन्सिल खाली ठेवली होती. "अडीच कशाला?" हा प्रश्न नव्हता, ते उत्तर होतं. मी त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली, त्याचं बरोबर खोडून माझं चूक लिहिलं, आणि वर सगळ्या जगाला मोठ्या मनाने सांगत सुटले की चूक माझी. सुहासला सांगितलं, आमोदला सांगितलं. त्याच्यासाठी खोटं बोलते आहे या तोऱ्यात मी अक्षर न् अक्षर खरं बोलत होते!

तिथूनच आमोदला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाबांची वेळ बरोबर होती?"

"अगदी बरोबर. विचार सुहासला, पाणी कधी फिरलं ते. तुझ्या बापाला घड्याळ काढता येत नाही, पण खाडी येते. काही म्हणजे काही कळत नाही म्हणालास ना? घे. पैज त्याने जिंकली. फ्लॅट भाड्याने दे."

"आई, पण पुढे..."

"पुढे पुष्कळ वाईट होणार आहे, मी शिकवलंय ते. व्हायचं ते इथे होईल. तू येत जा."

तो हसला की रडला ते फोनवर कळलं नाही. मग म्हणाला, "द्वादशीला रजा टाकतो. मीही येतो बोटीवर."

शरद माझं बोलणं संपायची सभ्यपणे वाट बघत होता. फोन ठेवला तसा काळजीच्या सुरात म्हणाला, "माझी बायको येईल ना पण? तिला वेळेचं सांगायला हवं."

"येईल की," मी म्हटलं. "पण वेळ तुम्हीच काढा. तिचं गणित कच्चं आहे."